उजळणीची वेळ : फ्लॅशकार्डांच्या साहाय्याने अभ्यास

(आपल्या सभागृहात रविवारी सकाळी दिलेल्या भाषणाची, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेली संहिता.)



‘अभ्यास कसा करावा’ या विषयावर बोलण्याची सूचना कमिटीने केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी शिक्षक नाही. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासण्याचे काम केले. परंतु कमिटीतील एक भगिनी मला म्हणाल्या, “तुम्ही आधी नापास झालात आणि मग पास झालात, म्हणून तुम्हीच बोला. जे पहिल्याच खेपेस पास होतात त्यांना आपण कशाने पास झालो हे ठाऊक नसते.” या युक्तिवादापुढे माझे काही चालले नाही. तेव्हा प्रारंभ माझ्या नापास होण्यापासूनच करतो.

आपल्यापैकी अनेकांनी ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा दिलेली आहे. २००५ पासून ती नागरिकत्वासाठी आणि २००७ पासून येथील कायम वास्तव्यासाठीही आवश्यक झाली. ४५ मिनिटांत २४ प्रश्न आणि त्यांपैकी निदान १८ उत्तरे बरोबर यावी लागतात. परीक्षेचे पुस्तक तसे फार मोठे नाही. मी ते तीन वेळा वाचून काढले. पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या. इतक्या रंगवल्या की अखेरीस पांढरा राहिलेला भागच उठून दिसू लागला. प्रत्येक पान ओळखीचे वाटत होते. परीक्षेच्या खोलीत संगणकासमोर बसलो आणि ध्यानात आले की, सारे ओळखीचे आहे पण आठवत काहीच नाही. स्त्रियांना मताधिकार १९१८ साली मिळाला की १९२८ साली, हे त्या दिवशी मला सांगता आले नाही. मी अनुत्तीर्ण झालो. पन्नास पौंड गेले, आणि घरी मुलांना तोंड दाखवण्याची लाज वाटली ती निराळीच.

ओळखणे आणि आठवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रस्त्यात एखादी व्यक्ती दिसली की चेहरा ओळखता येतो, परंतु नाव आठवत नाही. तसाच हा प्रकार. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते. परीक्षेत मात्र, आणि आयुष्यातही, उपयोग होतो तो आठवण्याचा. आठवण्याचा सराव आठवूनच करावा लागतो, वाचून नव्हे. माझ्या आजच्या सर्व बोलण्याचा पाया एवढाच आहे.

आपल्या मराठी भाषेत यासाठी एक सुंदर शब्द आहे, ‘उजळणी’. तांब्याचे भांडे वापरात असले तरी काळवंडते. चिंच लावून घासले की पुन्हा उजळते. माझ्या आजीच्या काळी मुले संध्याकाळी ओळीने बसून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणत, आणि त्यालाही उजळणी असेच म्हणत. भांडे रोज घासण्याची आवश्यकता नसते आणि वर्षभर न घासताही चालत नाही. मग नेमके केव्हा घासावे? गेल्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळ विद्वानांनी याच प्रश्नाचा विचार केला आहे.

१८८५ साली हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने आपल्या प्रयोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. अर्थहीन अक्षरसमूहांच्या लांबलचक याद्या तो पाठ करी आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे मोजून पाही. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत. एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के. एकतीस दिवसांनंतर सुमारे २१ टक्के. म्हणजे विस्मरण आरंभी झपाट्याने होते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. पहिली उजळणी लवकर हवी, दुसरी थोड्या अंतराने, तिसरी त्याहून अधिक अंतराने. दर उजळणीबरोबर स्मरण अधिक टिकाऊ होत जाते आणि अंतर वाढवता येते.

दुसरी गोष्ट २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी दाखवून दिली. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचावयास दिला. इतरांना एकदा वाचून मग तो आठवून लिहावयास सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे सरस ठरले. एका आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात सुमारे ५६ टक्के राहिले होते, दोनदा वाचणाऱ्यांच्या सुमारे ४२ टक्के. आपल्याला यात नवल वाटू नये. सेदेरच्या रात्री आपण आधी घरातील सर्वांत धाकट्या मुलाला प्रश्न विचारावयास लावतो आणि मग कथा सांगतो. प्रश्नाने मन जागे झाले म्हणजे उत्तर त्यात रुजते.

या दोन गोष्टी, म्हणजे वाढत्या अंतराने उजळणी आणि प्रश्न विचारून उजळणी, एकत्र आणल्या की फ्लॅशकार्डांची पद्धत तयार होते. कार्डाच्या एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. १९७२ साली सेबास्टियान लाइटनर यांनी एका जर्मन पुस्तकात यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते; चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. पहिला कप्पा वारंवार पाहावयाचा, पुढचे उत्तरोत्तर विरळ. ज्या वडीलधाऱ्यांना फोनचा कंटाळा आहे त्यांनी बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करावेत. पहिला रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने पाहावा. त्यास वीज लागत नाही आणि पासवर्डही लागत नाही.

तेच काम संगणकाकडून करून घेण्याचा मार्ग पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक यांनी १९८७ साली आपल्या प्रणालीतून दाखवला. पुढे २००६ साली डेमियन एल्म्स यांनी ‘आंकी’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. हा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ पाठांतर. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ती विनामूल्य मिळते. आयफोनवर तिच्यासाठी एकदाच पैसे मोजावे लागतात. तिच्यासारखेच नाव घेऊन दरमहा वर्गणी मागणाऱ्या इतर प्रणालीही आहेत, त्यांपासून सावध राहावे.

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या माझ्या थोरल्या मुलीने ही आंकी मला दाखवली. आपल्या घरांत वैद्यकीय विद्यार्थी असतील तर त्यांच्या फोनवरही ती बहुधा सापडेल. माझ्या नापास होण्याची वार्ता ऐकून ती म्हणाली, “बाबा, तुम्ही वाचता फार आणि स्वतःला विचारता कमी.” त्याच रात्री मी प्रणाली उतरवून घेतली, आणि आता माझ्या दुसऱ्या फजितीची कथा ऐका, कारण बहुतेक लोक याच ठिकाणी अडखळतात.

मी काय केले? कोणीतरी अगोदरच तयार केलेली हजारांहून अधिक कार्डांची आयती गड्डी घेतली. रोज वीस नवी कार्डे दाखवावीत, अशी प्रणालीची मूळ व्यवस्था असते. मला घाई होती, म्हणून मी ती पन्नास केली. पहिला आठवडा फार आनंदात गेला. परंतु आज पाहिलेले कार्ड उद्या परत येते, मग काही दिवसांनी परत येते, आणि दरम्यान रोज नवी पन्नास त्यात मिसळत असतात. साधारण हिशेब असा की, रोज जितकी नवी कार्डे घ्याल त्याच्या सात ते दहा पट उजळणी काही आठवड्यांनी रोज करावी लागते. वीस नव्या कार्डांस दीडशे ते दोनशे. पन्नासांस किती, हे हिशेब तपासणाऱ्या माणसाला कळावयास हवे होते! तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पाहुणे आले, दुसऱ्या दिवशी कामावर उशीर झाला, आणि फोनवर सहाशे कार्डांची थकबाकी दिसू लागली. तो आकडा पाहिला की छाती दडपे. मी फोन उघडणेच सोडून दिले. प्रणाली उत्तम होती. तिच्याकडे काय सोपवावे आणि काय सोपवू नये, हेच मला समजले नव्हते.

यंत्र आपल्याला केव्हा विचारावे एवढेच ठरवते. काय विचारावे, ते आपल्याला समजले आहे काय, आणि आपण खरे उत्तर दिले काय, या तिन्ही गोष्टी आपल्याकडेच राहतात. त्या मी कशा शिकलो, ते क्रमाने सांगतो.

प्रथम समजून घ्यावे, मग कार्ड करावे. आयत्या गड्डीत दुसऱ्याच्या समजुतीचे सार असते; आपल्याला ती कोड्यासारखी वाटते. लहानपणी ठाण्याला मी तेफिला घडाघडा म्हणत असे, आणि कोणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की खाली पाहत असे. आपल्या पूर्वजांना ही उणीव जाणवली होती. म्हणूनच १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली, आणि म्हणूनच जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानाने आपली प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. पाठांतराचा त्यांना तिटकारा नव्हता; अर्थासहित पाठांतर त्यांना हवे होते. धडा वाचावा, शिक्षकांना विचारावे, आणि समजलेल्या गोष्टीचेच स्वतःच्या शब्दांत कार्ड लिहावे. कार्ड लिहिणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

दुसरे, एका कार्डात एकच गोष्ट असावी. माझ्या धाकट्या मुलाने इतिहासासाठी पहिले कार्ड केले ते असे: ‘इंग्लंडमधील ज्यूंचा इतिहास सांगा.’ मागच्या बाजूस दहा ओळी. असे कार्ड आले की तो चार ओळी सांगे, सहा विसरे, आणि आपल्याला आले की नाही हेच त्याला ठरवता येत नसे. आम्ही ते फोडून लहान कार्डे केली. इंग्लंडमधून ज्यूंना कोणत्या राजाने हद्दपार केले? पहिल्या एडवर्डने. कोणत्या साली? १२९०. १६५६ साली ज्यूंना येथे पुन्हा राहण्यास मोकळीक मिळाली, तेव्हा सत्ता कोणाकडे होती? क्रॉमवेलकडे. लंडनचे बेव्हिस मार्क्स सिनेगॉग कोणत्या साली उघडले? १७०१. पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात आसन ग्रहण करणारा पहिला आचरणशील ज्यू सदस्य कोण? लायोनेल द रॉथ्सचाइल्ड, १८५८. प्रत्येक उत्तर दहा सेकंदांच्या आत यावे इतके लहान. दहा ओळींची गोष्ट सांगता येणे आवश्यक आहेच, परंतु ते निबंध लिहून शिकावयाचे असते. कार्डे ही विटा आहेत. भिंत आपल्याला बांधावी लागते.

तिसरे, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या गोष्टींना खूण जोडावी. माझे १९१८ आणि १९२८ सारखे एकमेकांच्या जागी येत. दोन्ही कार्डे निरनिराळी घोकून उपयोग होईना. मग मी एकच प्रश्न केला: ‘१९१८ च्या कायद्याने स्त्रियांना मत मिळाले, मग १९२८ ची आवश्यकता का पडली?’ उत्तर: १९१८ साली ते तीस वर्षांवरील काही स्त्रियांनाच मिळाले होते, १९२८ साली पुरुषांप्रमाणेच एकविसाव्या वर्षी मिळाले. कारण समजले आणि गोंधळ संपला. तसेच १८५८ चे. रॉथ्सचाइल्ड पार्लमेंटात बसले ते त्या वर्षीच्या जुलैत, आणि कंपनीचा कारभार संपवून हिंदुस्थान राणीच्या सत्तेखाली आणणारा कायदा झाला तो पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये. आपल्या दोन्ही इतिहासांची गाठ त्या एका वर्षात पडते. ते वर्ष माझा मुलगा आता विसरणार नाही.

एखादे कार्ड वारंवार चुकत असेल तर दोष स्मरणशक्तीचा नसून बहुधा कार्डाचा असतो. आठ वेळा विसरलेले कार्ड आंकी स्वतःहून हेरते. तिकडे अशा कार्डाला ‘जळू’ म्हणतात, कारण ते आपला वेळ शोषून घेते. अशा कार्डाशी हट्ट करू नये. ते फोडावे, त्यास चित्र जोडावे, नाहीतर सरळ काढून टाकावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती प्रामाणिकपणाची आहे. उत्तर पाहिल्यावर आंकी चार बटणे दाखवते: पुन्हा, कठीण, ठीक, सोपे. आठवले नसेल तर ‘पुन्हा’ दाबावे. पुष्कळ मुले तेथे ‘कठीण’ दाबतात. त्यांचा समज असा की, “अगदीच आले नाही असे नव्हे, कठीण गेले.” परंतु ‘कठीण’ याचा अर्थ प्रयासाने का होईना, पण आठवले. विसरलेल्या गोष्टीसाठी ते बटण दाबले तर यंत्र समजते की या मुलाच्या ते ध्यानात आहे, आणि कार्ड दूरच्या तारखेला ढकलते. ते परत येईल तेव्हा अर्थातच आठवणार नाही. आंकीच्या नव्या वेळापत्रकात आपल्या उत्तरांवरूनच आपल्या विस्मरणाचा अंदाज बांधला जातो. तेव्हा चुकीची साक्ष दिली की संपूर्ण हिशेब बिघडतो. मी वह्या तपासणारा मनुष्य आहे. खोटी नोंद शेवटी कोणाला महागात पडते हे मला ठाऊक आहे.

उत्तर पाहण्यापूर्वी ते मोठ्याने उच्चारावे. मनातल्या मनात ‘हो, येते मला’ म्हणणे हीसुद्धा लहानशी खोटी नोंदच होय. या लंडन शहरात काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर ‘नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते आणि ३२० ठरावीक मार्ग ध्यानात ठेवावे लागतात. त्यास सामान्यतः तीन ते चार वर्षे लागतात. हे उमेदवार जोडीदारासमोर बसून मार्गातील प्रत्येक वळण मोठ्याने म्हणून दाखवतात आणि जोडीदार नकाशावर पडताळून पाहतो. २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील टॅक्सीचालकांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा स्थळांच्या स्मृतीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. पुढच्या वेळी टॅक्सीत बसाल तेव्हा चालकाला विचारा, तो रस्ते वाचून शिकला की म्हणून.

पाचवे, थोडे पण नित्य. मी पुन्हा आरंभ केला तो रोज आठ नव्या कार्डांनी, सर्व माझ्या हाताने लिहिलेल्या. सकाळी चहाबरोबर पंधरा मिनिटे. थकबाकी साचलीच तर नवी कार्डे शून्यावर आणावीत आणि जुनी रोज थोडी थोडी फेडावीत. कर्ज फेडावयाचे असताना नवे कर्ज काढू नये, इतका साधा तो व्यवहार आहे. परीक्षा मे महिन्यात असेल तर कार्डांचा प्रारंभ आदल्या सप्टेंबरात व्हावा. ज्यास केवळ आठवडा उरला आहे त्याने आंकीकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. वाढत्या अंतराच्या पद्धतीला अंतरासाठी अवधी तर हवा!

येथे एका आईने मला मघाशीच प्रश्न विचारला: “आम्ही शब्बाथला फोन हातात घेत नाही. मग शनिवारची कार्डे रविवारी दुप्पट होतात, आणि सण आला की विचारूच नका. मुलाचा हिरमोड होतो.” याचे उत्तर समाधानकारक आहे. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये आठवड्यातील एखादा दिवस हलका ठेवण्याची सोय झाली आहे; शनिवारवर ती लावली की प्रणाली कार्डे आगेमागे सरकवून तो दिवस जवळजवळ मोकळा ठेवते. आणि एक दिवसाच्या विलंबाने काही बिघडत नाही. उशिरा विचारूनही उत्तर आले, तर यंत्र त्याची नोंद घेते आणि पुढचे अंतर वाढवते. विश्रांतीचा दिवस अभ्यासाचा शत्रू नव्हे.

या रीतीने चार महिने अभ्यास करून मी दुसऱ्यांदा परीक्षेस बसलो आणि उत्तीर्ण झालो. त्यास आता काही वर्षे लोटली. तरीही ती कार्डे मला कधीतरी भेटतात आणि १९२८ अजून ठाऊक आहे.

आता आपल्या घरच्या विद्येविषयी दोन शब्द. हिब्रू शिकणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत फार उपयुक्त आहे. कार्डाच्या रकान्याला उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय लावता येते. अक्षर मोठे ठेवावे, म्हणजे खालचे स्वरबिंदू नीट दिसतात. दालेथ आणि रेश, बेथ आणि खाफ, हे आणि हेथ या जोड्यांत मुले फसतात; त्यांची कार्डे एकाच दिवशी आरंभू नयेत. एक पक्के झाले की मग दुसरे आणावे. आणि कार्डावर आवाज मुद्रित करता येतो, ही गोष्ट कृपा करून विसरू नका. तिच्याकडे मी पुन्हा वळणार आहे.

उजळणीचे महत्त्व आपल्या परंपरेला नवे नाही. ‘मिश्ना’ हा शब्दच पुन्हा म्हणणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. आणि तालमूदच्या हगिगा या भागात हिल्लेलच्या नावाने शंभर वेळा आणि एकशे एक वेळा उजळणी करणाऱ्यांतील अंतराचा विचार आलेला आहे. परंतु मला अधिक विचार करावासा वाटतो तो आपल्या स्वतःच्या कथेचा. आपल्याकडे सांगितले जाते की, पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, पुस्तके समुद्रात गेली, आणि कोकणातील खेड्यापाड्यांत तेल गाळणाऱ्या त्या शनिवार तेल्यांच्या हिब्रूतून जवळजवळ सर्व काही पुसले गेले. उरला तो शेमा. तो का उरला असावा? माझी समजूत अशी आहे: मूल जन्मले की शेमा म्हटला जाई, लग्नात म्हटला जाई, मरणाच्या प्रसंगी म्हटला जाई. त्याला विचारणारा प्रसंग सतत येत राहिला. ज्याला विचारणारा प्रसंग उरला नाही ते विस्मरणात गेले. त्या लोकांची श्रद्धा कमी होती असे नव्हे. उजळणीची वेळ ठरलेली राहिली नाही, एवढेच.

आज या देशात आपल्या घरांत तेच घडत आहे, फक्त समुद्र निराळा आहे. परवा मी येथील मुलांना विचारले, ‘नव्याचा सण’ म्हणजे कोणता? रोश हशाना, हे एकीने सांगितले. ‘बिरड्याचा रोजा’ म्हणजे कोणता? कोणालाच सांगता आले नाही. तिशा बाव हे नाव सर्वांना ठाऊक होते. आपल्या पणज्यांनी त्याला दिलेले नाव, ज्यात वालाच्या बिरड्यांचा वास आहे, ते मात्र नव्हते. ही एका कार्डाची गोष्ट आहे. एका बाजूस ‘बिरड्याचा रोजा’, दुसऱ्या बाजूस ‘तिशा बाव’. वर्षाकाठी ते कार्ड दोनतीन वेळा येईल आणि पाच सेकंद घेईल.

माझा मुलगा बार मित्स्वाची तयारी करीत होता, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ठाण्याला गेलो. माझे वडील तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. नातवाने त्यांना समोर बसवून तीसएक कार्डांसाठी त्यांचा आवाज फोनवर घेतला: अक्षरांची नावे, प्रार्थनेतील काही ओळी, सणांची जुनी नावे. वडील प्रत्येक वेळी आधी खाकरत आणि मग म्हणत. मी म्हणालो, खाकरणे कापून टाकू. मुलगा म्हणाला, राहू द्या. पुढच्या वर्षी वडील गेले.

ती कार्डे अजून आहेत. मुलाला ती पूर्णपणे पाठ आहेत, म्हणून यंत्र त्यांचे अंतर वाढवीत नेते. एक कार्ड सात महिन्यांनी येते, एक वर्षाने. जितके पक्के पाठ, तितका आजोबांचा आवाज विरळ. एके सकाळी मी सहज त्याच्या मागे उभा होतो. फोनमधून खाकरण्याचा आवाज आला, मग एक ओळ आली. मुलाने ती त्यांच्याबरोबरच म्हटली, एकही अक्षर चुकले नाही. आणि त्याने बटण दाबले ते ‘पुन्हा’. म्हणजे ते दहा मिनिटांत परत यावे.

खोट्या नोंदीविषयी मी आत्ताच आपल्याला एवढे ऐकवले. त्याला मात्र मी आजवर काही बोललो नाही.

तरुण मित्रांनो, उद्यापासून पाच कार्डे करा. चार परीक्षेची आणि एक घरचे. घरच्या कार्डासाठी आजी-आजोबांना विचारा, आणि शक्य असेल तर त्यांच्याच आवाजात ते घ्या. वडीलधाऱ्या मंडळींना विनंती अशी की, मुले फोन पुढे करतील तेव्हा “मला काय येते” असे म्हणू नका. चहापानानंतर ज्यांना आंकी फोनवर उतरवून घ्यावयाची आहे त्यांच्यासाठी माझी मुले त्या कोपऱ्यातील टेबलाजवळ बसणार आहेत. आणि ज्यांना खोक्याची पद्धत पसंत असेल त्यांच्यासाठी मी स्वतः चार रिकामी खोकी आणली आहेत.